वाटीभर विरजण

कविताच्या डोहाळजेवणाला भातापासून बर्फीपर्यंत सगळं निळंशार होतं. रासायनिक रंगांवर बंदी आल्यापासून घरोघरी शेवाळातला नीलरंजकच वापरत, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. कविताने मात्र एका घासालाही हात लावला नाही. ओटी भरून झाली तशी ती उठली आणि भर उन्हात अंगणात जाऊन बसली.

"तीन आठवडे पोरीच्या पोटात अन्नाचा कण नाही, आणि वजन बघावं तर वाढतंच आहे!" सासूबाई यमुनाबाई काकुळतीला येऊन डॉ. बोधनकरांना म्हणाल्या. गावातल्या महिला गटाच्या टाक्यांत नीलहरित शेवाळ वाढवायचं काम यमुनाबाईंकडेच होतं. सुनेच्या काळजीने त्यांनीच शेवाळाचं बीज पुरवणाऱ्या केंद्रातल्या, अन्नतपासणीच्या या बाईंना बोलावून घेतलं होतं.

बोधनकरांनी रंग तपासला. विषाचा अंशसुद्धा नव्हता. मग त्यांनी टाकीतलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि झटकन मान वर केली.

"हे आमच्या केंद्राचं शेवाळ नाही. दर हंगामाला सीलबंद बीज टाकता ना?"

यमुनाबाई ओशाळल्या. "अहो, विरजण कुणी विकत आणतं का? शेजारच्या गावाकडून वाटीभर आणायचं, आपलं कुणाला हवं तर द्यायचं. बारा गावांत असंच चालतं."

"बारा गावांत?" बोधनकरांनी सूक्ष्मदर्शक बाजूला सारला. "केंद्राचं शेवाळ पोटात गेलं की मरतं. हे बदललंय, बाई. मला वाटतं, हे अंगातच वस्ती करतं आणि उन्हावर अन्न तयार करतं."

यमुनाबाईंसह त्यांनी कविताला आत नेलं, दार लोटलं आणि नारिंगी उजेडाचा दिवा तिच्या हातावर धरला. या उजेडात नीलरंजक तांबडा चमकतो. मनगटापासून कोपरापर्यंत शीर न् शीर तांबडी उजळली.

"अगं बाई!" यमुनाबाई पुढे सरसावल्या. "आणि बाळ?"

दिवा पोटावर आला. आतून काहीतरी हललं आणि उजेडाकडे सरकलं. बोधनकरांनी दिवा डावीकडे नेला, तर ते डावीकडे गेलं. उजवीकडे नेला, तर उजवीकडे आलं. त्यांनी घाईघाईने दिवा विझवला, तेव्हा पोटातून एक जोराची लाथ बसली.

अंधारात कविताने सासूचा हात घट्ट धरला.

"आई, याला माझं दूध तरी लागेल ना हो?"