लिंडालच्या खिडकीतला दिवा

ईशान, फोन ठेव खाली. आरोही, दार लोटून घे. ऐकायचंय ना? मग मध्येच गूगल करायचं नाही. केदार माझ्या मित्राचा मुलगा, नागपूरचा. डॉक्टर आहे, थापाड्या नव्हे.

अमेरिकेच्या व्हिसासाठी त्याला तीन वर्षं तिथल्या खेड्यात काढायची होती. मिनेसोटात, पार वर, लिंडाल नावाचं गाव मिळालं. चारशे माणसं, आणि सगळ्यांचे खापरपणजोबा स्वीडनच्या एकाच खेड्यातून आलेले. घरमालकीण गुनिला आजी ऐंशीची. डिसेंबर लागताच तिनं केदारच्या घराच्या खिडकीत सात बत्त्यांचा विजेचा दिवा मांडला आणि बजावलं, "सकाळपर्यंत बंद करायचा नाही हं. बाहेर बर्फात कोणीतरी घर शोधत असतं." आता आपलं कसं? खोलीत माणूस नाही, तर दिवा कशाला जाळायचा! केदारची बायको आसावरी म्हातारीची पाठ वळली की बटण बंद करायची. जन्माची सवय ती, जाते होय?

मागच्या वर्षीची तेरा डिसेंबर. संध्याकाळचे सव्वासहा, पण तिथे साडेचारलाच मिट्ट काळोख. केदार अकरा मैलांवरच्या फार्मसीत गेला होता. पाच वर्षांच्या अनिकाला दमा, आणि तिचा इनहेलर संपत आलेला. नवा आणायचा, एवढंच काम. निघताना आभाळ अगदी स्वच्छ होतं.

परतताना वादळ सुटलं. बर्फ आडवा यायला लागला. गाडीचं बॉनेटसुद्धा दिसेना. तेवढ्यात आसावरीचा फोन.

"केदार, तिला श्वास घेता येत नाहीये! इनहेलर रिकामा झालाय रे!"

"अँब्युलन्स?"

"रस्ते बंद केलेत म्हणे. तिचे ओठ निळे पडतायत... लवकर ये ना!"

"खिडकीतला दिवा लाव! मला घर दिसत नाहीये, आसावरी, आधी तो..."

फोन कट झाला. पुन्हा लावला, लागेना. आणि त्या गडबडीत गाडी चरात उतरली.

वादळात गाडी सोडायची नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण बापाला कसला आलाय नियम? इनहेलर छातीशी धरला आणि उतरला.

किती चालला, ते त्याला आजही सांगता येत नाही. हाक मारली, तर स्वतःलाच ऐकू येईना. सगळ्या देवांची नावं घेऊन झाली. शेवटी गुडघ्यावर बसला. एवढा डॉक्टर माणूस, पण ढसाढसा रडला. "माझी पोर मरेल रे..."

मान वर केली.

दिवे. सात.

उजवीकडे. घर त्या बाजूला नाही, अशी त्याची खात्री होती. तरी उठला. पडला. पुन्हा उठला. दार हाताला लागलं... आणि दिवे गेले.

आत अंधार.

"आसावरी!"

"इथे..." बेडरूममधून आवाज.

फोनचा टॉर्च लावला. अनिका आईच्या मांडीवर. मान टाकलेली. त्यानं औषध दिलं. एकदा. दोनदा. चारदा. छातीला कान लावला...

...

पोर खोकली. मग रडली. दोघं तिला कवटाळून तिथेच बसून राहिली.

बऱ्याच वेळानं केदार म्हणाला, "बरं झालं, दिवा लावलास."

आसावरी त्याच्याकडे बघतच राहिली.

"फोन कट झाला तेव्हाच वीज गेली, केदार. आणि मी हिला सोडून उठलेच नाही."

त्यानं टॉर्च जमिनीवर वळवला. दारातून आलेले त्याच्या बुटांचे ठसे.

शेजारी आणखी कुणाची तरी पावलं होती. अनवाणी. लहान. ओली.

दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून अनिकाच्या पलंगापर्यंत.

परत जाणारं... एकही नव्हतं.