अकोल्याहून अठरा मिनिटं

अकोल्याच्या दवाखान्यात बायको मैना गेल्याचं कळलं त्या दिवशी चौकीदार देवमन अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या धावपट्टीवरची गुरं हाकायला निघाला होता. २००६ची दिवाळी नुकतीच झालेली. त्या वर्षी वऱ्हाडातली कपाशी पाहायला मोठी माणसं विमानाने फार यायची. आधी अकोला, मग अमरावती. शिवणी विमानतळावरचा चौकीदार नबी अकोल्याहून फोन करायचा, "निघालं." सरळ रेषेत सत्तर किलोमीटर, अठरा मिनिटं. तेवढ्यात देवमनने पट्टी मोकळी करायची. गुरं दिसली तर विमान वरच्या वर घिरट्या घालून परत जायचं.

त्या दिवशी नबी म्हणाला, "निघालं, देवमनभाऊ." मग थांबून, "दवाखान्यातून निरोप हाय. वैनी गेल्या."

अठरा मिनिटांचाच तर प्रश्न, म्हणून देवमन थांबला. विमान उतरलं, साहेब लोक गेले. तेवढ्यात बडनेऱ्याहून अकोल्याची पॅसेंजर सुटून गेली होती. पुढच्या गाडीने तो पोचला तेव्हा चितेवर निखारे होते.

"तोंड पाहाले थांबवलं होतं, भाऊजी," मेहुणी सुभद्रा म्हणाली. "किती थांबवावं?"

नवव्या दिवशी दुपारी चारला फोन वाजला. "निघालं, देवमनभाऊ." विमान यायचं नव्हतं, म्हणून त्याने गुरं हाकली नाहीत. अठरा मिनिटांनी चरणाऱ्या गुरांनी एकदम माना वर केल्या, सगळ्यांनी मावळतीकडे. आभाळ स्वच्छ होतं. त्या माना हळूहळू गोल फिरल्या आणि पुन्हा मावळतीकडे येऊन थांबल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी देवमन ओरडला, "मजाक करून राहिला का बे?" फोन बंद झाला.

चौथ्या दिवशी नबी स्वतःच भेटायला आला. चेहरा पिवळा पडलेला.

"काहून रोज फोन करतं रे?" देवमनने विचारलं.

"कायचा फोन? आठ दिस तापानं घरी पडून होतो. माह्या घरवालीले, जैनबले इचारा. तिच्या काढ्यानं मरता मरता वाचलो."

देवमन हसणार, इतक्यात फोन वाजला. नबीने उचलला, ऐकला, ठेवला.

"कोन होतं?"

"मीच."

"काय म्हनते?"

"निघालं म्हनते. एक सवारी हाय."

देवमनने काठी उचलली. नबीने त्याचं मनगट धरलं. "गुरं राहू द्या पट्टीवर. तुमाले माही कसम हाय."

"तीन दिस झाले, वरूनच परत चालली मैना."

त्याने हात सोडवून घेतला. शेवटची गाय पट्टीखाली उतरली.

आवाज झाला नाही.

दोन्ही कडांचं वाळलं गवत मावळतीकडून आडवं होत आलं. मधोमध येऊन थांबलं.

जळक्या रबराचा वास आला.

नबी चपला तिथेच टाकून बडनेऱ्याकडे पळाला.

त्यानंतर फोन वाजला नाही. गुरं पट्टीवर चढत नाहीत. पहाटे सगळ्या डांबरावर दहिवर पडतं, मधली वीस-पंचवीस पावलं कोरडी राहतात. देवमन रोज त्या कोरड्या जागेच्या काठापर्यंत जातो आणि खाली पाहत उभा राहतो. काल काठाबाहेरच्या दहिवरात, त्याच्या पायांसमोर, दोन अनवाणी पावलं उमटली होती. बोटं त्याच्याकडे.

मान वर करून पाहणं त्याच्याकडून अजून झालेलं नाही.