घुमटवाडीचं विरजण

दही लागलं नव्हतं.

कृत्तिकाने झाकण परत ठेवलं, जरा वेळ इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा उघडलं. भांडं तिरकं केलं तर दूध खुशाल या काठावरून त्या काठाला गेलं.

घुमटवाडी ही चंद्रावरची वस्ती. मोठ्या पारदर्शक घुमटाखाली घरं, शाळा, कारखाने, शेळ्यांचा गोठा आणि एकच दूधघर. दुसऱ्या दिवशी वस्तीला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. वर्धापनदिनाला सगळ्यांनी एका पंगतीत बसून दहीभात खायचा, हा पहिल्या कुटुंबांनी घातलेला रिवाज. यंदा दही लावायचं काम अकरा वर्षांच्या कृत्तिकाकडे होतं, आणि ते तिने हट्ट करून मागून घेतलं होतं. पृथ्वीवरून आलेलं विरजण (नवं दही लावण्यासाठी राखलेलं जुनं दही) अख्ख्या वस्तीत दूधघरातल्या एका वाटीएवढंच राखलेलं होतं. ते गेलं तर दही पुढच्या यानाने येणार, आणि ते यान यायला अजून आठ महिने होते.

गंमत अशी, की कृत्तिका बाईसाहेबांनी विरजणाची काळजी जरा जास्तच घेतली होती. दह्यातले जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) उबेत थोड्याथोड्या वेळाने दुप्पट होतात, हे त्या शाळेत शिकल्या होत्या. मग काय, तीन दिवस वाटी उबदार पेटीत ठेवली तर केवढे होतील, असा हिशेब करून त्यांनी तसंच केलं. दूधघरातला यंत्रमानव गुंड्या म्हणाला होता, की असं इथे आजवर कोणी केलेलं नाही. तिने त्याला गप्प केलं आणि आपलं विरजण पहिलवान होणार असं ऐटीत सांगितलं.

आता पहिलवान ढिम्म होते. कृत्तिका दुसरी वाटी घेऊन विरजण मागत घरोघर फिरली. पण उद्या ताजं दही मिळणार म्हणून सगळ्यांनी होतं नव्हतं ते चाटूनपुसून संपवलं होतं, भांडीसुद्धा वाफेने धुऊन झाली होती. शेवटी ती उरलेल्या आंबट विरजणाची वाटी छातीशी धरून निलांबरी आत्याच्या प्रयोगशाळेत आली. आत्या जीवशास्त्रज्ञ होती. ती रागावली नाही, त्यामुळे कृत्तिकाला रडू आवरेना.

आत्याने वाटीतला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. भिंतीवरच्या पडद्यावर इवल्या काड्या आणि मण्यांच्या माळा दिसू लागल्या. बहुतेक निपचित पडलेल्या होत्या.

"तुझ्या पहिलवानांना तीन दिवस खायला काय दिलंस?" आत्याने विचारलं.

"वाटीत दूध होतं की."

"होतं. किती वेळ पुरलं असेल?"

मग आत्याने समजावून सांगितलं. हे जिवाणू लॅक्टोज (दुधातली साखर) खातात आणि त्याचं आम्ल (आंबट द्रव्य) करतात. त्या आंबटपणानेच दूध घट्ट होतं. सुरुवातीला खाणारे मूठभर, साखर भरपूर. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ होतात तरी साखर फारशी हलत नाही. मग एक वेळ अशी येते, की अर्धी साखर संपलेली आणि अर्धी शिल्लक. वाटीत कोणी शहाणा जिवाणू असता तर म्हणाला असता, एवढी खायला कितीतरी वेळ लागला, राहिलेलीही तितकीच पुरेल. पण पुढच्या एकाच दुपटीत तीही फस्त होते. वर घरभर आपणच केलेलं आम्ल साचतं, त्यात जगणं अवघड होतं. त्या वाटीची धारणक्षमता (एखादी जागा जास्तीत जास्त जितक्या जिवांना पोसू शकते ती मर्यादा) ओलांडली गेलेली असते.

"पण मग रोज दही चांगलं लागतं ते कसं?"

"रोज आपण चमचाभर उचलून ताज्या दुधात घालतो. त्यांना रोज नवं भांडं मिळतं."

कृत्तिका खिडकीतून बाहेर बघत राहिली. घुमटाचा काठ लांबवर चंद्राच्या करड्या मातीत रुतलेला दिसत होता, त्याच्या पलीकडे काही नव्हतं. तिचं रडू कधी थांबलं ते तिलाच कळलं नाही.

"आत्या, आपल्याला नवं भांडं कोण देतं?"

आत्याने डब्यातून मूठभर चवळी काढून टेबलावर ठेवली.

वस्तीला पाणी मिळायचं ते बर्फाच्या खाणीतून. चौकातल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की चाळीस वर्षांत अर्धा बर्फ वापरला, अर्धा शिल्लक आहे. ते वाचून सगळे निर्धास्त होते. आत्याने एवढंच सांगितलं, की इथे पाण्याचा वापर दर दहा वर्षांनी दुप्पट होत आलाय. माणसं वाढली हे एक. शिवाय आर्थिक वाढ (वस्तू बनवणं आणि वापरणं वाढत जाणं) झाली, म्हणून माणशी पाणीही जास्त लागू लागलं.

कृत्तिकाने चवळी मांडायला घेतली. पहिल्या दहा वर्षांचा एक दाणा, मग दोन, मग चार, मग आठ. मिळून पंधरा. म्हणजे शिल्लक बर्फही पंधराच दाण्यांचा. पुढच्या दहा वर्षांसाठी ती सोळा मोजू लागली आणि तिचा हात थबकला.

"एक दाणा कमी पडतोय," ती म्हणाली. "आत्या, चाळीस नाही, दहा वर्षंसुद्धा पुरणार नाही."

"जिवाणूंना हे मोजता येत नाही," आत्या म्हणाली. "तुला आलं. आता चल, तुझे पहिलवान वाचवू."

निपचित काड्यांमध्ये काही अजून जिवंत होत्या. त्या मोजक्यांना झेपावं म्हणून आत्याने फक्त वाटीभर ताजं दूध कोमट करायला सांगितलं, त्यात ते आंबट दही घातलं आणि पेटीच्या काचेतून बघत बसायचं काम कृत्तिकाला दिलं. गुंड्या दर थोड्या वेळाने, न विचारता, अजून पातळ आहे असं जाहीर करत होता. संध्याकाळी तो काही बोलण्याआधीच कृत्तिकाने वाटी हळूच तिरकी केली. दूध हललं नाही. ती एवढी उंच उडाली की चंद्रावरच्या हलक्या ओढीमुळे तिला खाली यायला बराच वेळ लागला.

रात्री त्या वाटीतल्या दह्याने मोठं पातेलं विरजलं. सकाळी घट्ट, गोडसर दही तयार होतं.

पंगत बसली. सरपंच मंदाकिनीबाईंनी उठून आनंदाने सांगितलं, की वस्ती आता दुप्पट करायची, नवे कारखाने काढायचे, बर्फ अजून अर्धा पडलेला आहे. टाळ्या झाल्या. मग त्यांनी पानावर दही वाढ म्हणून कृत्तिकाला खूण केली.

कृत्तिकाने डाव बाजूला ठेवला. आधी स्वच्छ वाटी घेऊन तिच्यात चमचाभर दही काढलं आणि झाकलं. सगळी पंगत बघत होती. ती सरपंचांकडे वळली.

"बाई, आपण दह्याचं विरजण आधी काढतो, मग वाढतो. मग बर्फाचं का नाही काढत?"

आणि तिने सरपंचांच्या पानाशेजारी खिशातली चवळी मांडली. एक, दोन, चार, आठ. मग उरलेले पंधरा दाणे पुढे सरकवून त्यांनाच सोळा मोजायला सांगितले. मंदाकिनीबाईंनी मोजले, पुन्हा मोजले. पंगतीत कोणी घास उचलला नाही.

"कारखान्यांची वाफ आपण बाहेर सोडून देतो," बाई शेवटी सावकाश म्हणाल्या. "तिचं पाणी करून परत वापरता येईल?"

आत्या म्हणाली, येईल, अगदी थेंबन् थेंब नाही, पण बराचसा. आधी वाफेचं पाणी करणारं यंत्र बसवू, मग किती माणसांना बोलवायचं ते ठरवू, असं तिथल्या तिथे ठरलं. लोक जेवण विसरून पाणी वाचवायच्या युक्त्या सुचवू लागले. कोणी शेतातला दमट वारा गाळायची गोष्ट काढली, कोणी आणखी काही. गुंड्याने भात गार होतोय असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी चौकातला फलक बदलला. शिल्लक बर्फाच्या जागी आता रोज किती पाणी परत मिळवलं ते लिहायचं होतं. पहिला आकडा लिहायचा मान कृत्तिकाला मिळाला. यंत्र अजून बसायचं होतं, नुसत्या युक्त्यांनी जमलेला तो आकडा अगदी छोटा होता. पण हा आकडा दुप्पट झालेला तिला हवाच होता.