प्रोजेक्टरखालचं पाकशास्त्र

"अरे, या पुस्तकात पापड आहे!" मयूर ओरडला.

भाग्यश्री आणि निकिता धावत आल्या. खरंच, कुणा वाचकानं खूण म्हणून पोह्याचा पापड ठेवला होता. आधीच्या पुस्तकात मिशांचा कंगवा सापडला होता. नाशिकच्या या जुन्या वाचनालयात दुर्मिळ पुस्तकांची सूची करायला तिघं सुट्टीत येत होती.

"आता सगळ्यात मौल्यवान पुस्तक. शिळाछापाचं पाकशास्त्र," ग्रंथपाल मोहिनीताईंनी कपाटातून एक पुडकं काढलं. खाकी कागद सोडवला आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. आत जुनी टेलिफोन डिरेक्टरी होती.

तेवढ्यात कार्यवाह रंगनाथराव आले. पाकशास्त्राच्या जागी डिरेक्टरी पाहून ते चिडले.

"वर्धापनदिनाच्या भाषणात दाखवून मी स्वतः तुमच्या हातात दिलं होतं," ते कडाडले. "संध्याकाळी विश्वस्त येतील, तेव्हा उत्तर तुम्हीच द्या."

"तुम्ही दिलेलं पुडकं मी तसंच कुलपात ठेवलं हो," ताई म्हणाल्या. रंगनाथराव तरातरा निघून गेले.

भाग्यश्री डिरेक्टरी न्याहाळत होती. "ताई, हिच्यावर हा गोल खड्डा कशाचा?"

"यावर काहीतरी जड उभं असणार, तेही बरेच दिवस," मयूर म्हणाला. "गोल पायाचं."

"प्रोजेक्टर!" निकिता म्हणाली. "सभागृहातला. तो डुगडुगतो म्हणून खाली खाकी कागदातलं काहीतरी असतंच."

"डिरेक्टरी तर इथे आहे. मग आता त्याच्याखाली काय आहे?" भाग्यश्रीनं विचारलं.

चौघं सभागृहाकडे पळाली. मयूरनं प्रोजेक्टर अलगद उचलला, निकितानं खालचं पुडकं ओढलं. ताईंनी कागद बाजूला केला. पाकशास्त्र! पुठ्ठा थोडा दबला होता, पण पानं शाबूत होती. ताईंनी ते छातीशी धरलं आणि मोठा श्वास सोडला.

रंगनाथरावांना बोलावलं. पुस्तक पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"भाषण संपल्यावर प्रोजेक्टर उचलून टेबल मीच आवरलं होतं," ते म्हणाले. "पुडकी दोन्ही सारखीच. मीच घाईत अदलाबदल केली. मोहिनीताई, मला माफ करा. विश्वस्तांना मीच सांगेन. आणि मुलांनो, शाबास. आज तुम्ही नसता तर एका चांगल्या माणसावर आळ आला असता."

ताईंनी डोळे पुसले. "ताई, आत काय आहे ते वाचा ना," निकिता म्हणाली.

ताईंनी पान उघडलं. "वांगी कोवळी पाहून घ्यावी..."

रंगनाथरावही खुर्ची ओढून ऐकायला बसले.