उघाडीपाशी ठेवलेलं पान

भागीरथी दुपारच्या पानावर बसली होती आणि तिच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, धाकट्या दिराची आठ वर्षांची पोर गोजरा भाताचे लहान लहान घास घेत होती. चातुर्मास लागला की भागीरथीचं जेवण मौनाचं असे. एकदा पानावर बसलं की हात धुवेपर्यंत बोलायचं नाही. शब्द गेलाच, तर अर्ध्या पानावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. नवरा गेला त्या वर्षी धरलेला हा नेम तिनं तापाच्या ग्लानीतसुद्धा मोडला नव्हता.

आणि त्या मौनामुळेच की काय, गेल्या वर्षापासून मुकी झालेली ती पोर साऱ्या बोनकोडे गावात फक्त हिच्याच शेजारी निवांत बसे. बाकी सगळे तिला बोल बोल म्हणत. शाळेत मास्तर म्हणत, ओटीवर बायका म्हणत, भगतानं तर कडुनिंबाच्या फाट्याखाली म्हटलं होतं… हिच्या पानाशेजारी मात्र कुणी काही विचारत नसे.

आज मात्र भागीरथीचा घास हातातच राहिला. पोरीच्या पायांना पोटरीपर्यंत खाडीचा काळा चिखल होता, आणि इवल्याशा तळहातांवर दोराचे लालभडक वळ उठले होते.

एवढ्यात धाकटा दीर देवजी धापा टाकीत अंगणात आला. त्याच्या मागे सरपंच तुळशीराम आणि पाच-सहा गडी. उघाडीचं दार कुणीतरी ऐन पुनवेच्या भरतीला वर खेचलं होतं. खाडीचं खारं पाणी बांधाच्या आत शिरलं, आणि फुलोऱ्यावर आलेली खालच्या अंगाची सारी भातं बुडाली… ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडी अडवून धरायची, एवढ्यासाठी ते लाकडी दार. पंधरा घरांचं वर्षाचं अन्न त्याच्या दोराला टांगलेलं असे.

“पोर कुटं व्हती सकालपासून?” देवजीनं उंबऱ्यातूनच विचारलं. “वयनी, तुमाला इचारतंय. पोर कुटं व्हती?”

भागीरथीला सारं कळून चुकलं. गोजरा बांधावर वेळीअवेळी फिरते म्हणून गेल्याच महिन्यात पंचायत बसली होती. भागीरथीनं तेव्हा पदर सावरून, मान खाली घालून विनवलं होतं, की मुंबईला लहान मुलांच्या मनाचा डॉक्टर असतो म्हणतात, पंचायतीनं पोरीला तिथं पोचवायची काहीतरी सोय करावी. तुळशीराम तसा वाईट माणूस नव्हता, पण तो हसला होता. पंचायतीकडं विहीर आहे, रस्ता आहे, चावडीवरचा दिवा आहे. पोरांच्या मनाचं काम कुणी आमच्याकडं दिलेलं नाही, असं म्हणाला होता. आणि उठता उठता बजावलं होतं, की पोरीच्या हातून गावाचं काही नुकसान झालं, तर तिला ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडावं लागेल. मोठमोठ्या वेड्या बायांमध्ये, गजाआड… हे कोकरू!

भागीरथीनं हातातला घास पानात ठेवला. घाई केली नाही. पानाला नमस्कार केला, उठली, मोरीत जाऊन हात धुतले, चूळ भरली, ओल्या हातांनीच पोरीला आपल्या लुगड्याच्या आड घेतलं. मग बोलली.

“दार मी खेचलं.”

देवजीनं उंबऱ्यातलं पाऊल मागं घेतलं.

“तुमी? का म्हून?”

का म्हणून… एवढं तिनं योजलं नव्हतं. पण माणसं आपापलं उत्तर घेऊनच येतात. गड्यांतला एकजण पुटपुटला, की दिरानं जमिनीत हिस्सा दिला नाही ना, तोच पोटातला राग बाहेर पडला. देवजीनं चमकून तिच्याकडं पाहिलं. भागीरथीनं मान खाली घातली आणि नाही म्हटलं नाही.

ज्या दिराला तिनं लग्न होऊन आल्यावर कडेवर खेळवलं होतं, त्यानं त्या दुपारी तिचं गाठोडं ओटीवरून खाली ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. तेच तिच्या अंतःकरणाला अधिक लागलं. गोजरा तिच्या पदराला धरून होती. तिची बोटं एकेक करून सोडवताना भागीरथीला वाटलं, की आपण आपलाच जीव देहातून उपटून काढतो आहोत…

गावाबाहेर, बांधाच्या टोकाला गावदेवीचं देऊळ होतं. त्याच्या पडवीत ती राहिली. पहाटे खाडीवर स्नान, देवीपुढं झाडलोट आणि कुणी दया येऊन ठेवलेल्या मूठभर तांदळाचं ते मौनाचं जेवण… शेजारची जागा रिकामी असे, तरी तिकडं एक घास सरकवून ठेवल्याखेरीज तिला गिळवत नसे. देवीला ती रोज एकच मागे: माझ्या नावावरचा डाग राहू दे, आई, पण पोर घरात राहू दे.

इकडं घरात गोजरा जेवेनाशी झाली. देवजी पानावर बसवी, रागावे, चुचकारी. पोर भिंतीकडं पाहत राही. खरं तर तो तिच्या डोळ्याला डोळा देतच नसे. गेल्या वर्षीच्या श्रावणापासून देत नव्हता…

त्या श्रावणात उधाणानं उघाडीचं जुनं दार फुटलं होतं. सारं गाव चिखलाच्या पाट्या घेऊन धावलं. देवजी बांधाचा म्होरक्या. त्याची बायको शेवंता खाडीच्या अंगाला मेढी रोवायला उतरली आणि लाटेनं तिला ओढलं. ती एकदा वर आली, एकदा हात दिसला… आणि पाणी तर शेतात घुसत होतं. सारे देवजीच्या तोंडाकडं पाहत होते. त्यानं डोळे मिटले आणि ओरडला, फळ्या टाका. उघाडीचं तोंड बुजलं, शेवंता पलीकडं राहिली, गाव वाचलं. गोजरा बांधावर उभी होती. शेवंतेला दुसऱ्या दिवशी दूर खाडीच्या तोंडाशी होडीवाल्यांनी काढलं, पण पाण्यानं काय दशा केली होती ती! पोरीला दाखवू नका, असं जाणत्यांनी सांगितलं. तिला घरात कोंडून ठेवलं आणि तिकडूनच आईला अग्नी दिला. मायेपोटीच केलं सगळ्यांनी. पण पोरीनं आईला शेवटचं पाहिलं ते दाराच्या पलीकडं, आणि बाप ते दार लावत होता.

सर्वपित्री अमावास्या आली. देवजीनं शेजारणीकडून शेवंतेच्या नावानं पान वाढून घेतलं, भात, वडे, तिला आवडायची ती अळूची भाजी, आणि कावळ्यासाठी कौलावर ठेवलं. आंघोळ करून येतो तो पान जागेवर नव्हतं. कुत्र्यानं ओढलं असेल म्हणून मागं आला, तर परड्यातून शेताच्या वाटेला गोजरा चालली होती, दोन्ही हातांत पान सावरीत. एक वडासुद्धा सांडू नये म्हणून पोर पावलं जपून टाकीत होती.

देवजी हाक मारणार होता, पण मारली नाही. तो मागून चालत राहिला.

उघाडीपाशी पोचल्यावर तिनं पान खाडीच्या अंगाला दगडावर ठेवलं. पदर नव्हता, तरी परकराच्या टोकानं त्यावरची माशी हाकलली. मग दोराला लोंबकळली. सारा जीव एकवटून, दात खाऊन, ते दार वर खेचू लागली… भरतीचं पाणी पलीकडून फळ्यांवर थडका देत होतं, जणू खरंच कुणी दार ठोठावीत होतं.

देवजी धावत तिच्यापाशी गेला. पोरीचा आईला आत घ्यायचा प्रयत्न चालला होता… वर्षभर! आणि मागल्या पुनवेला दार उघडलं ते कुणी, वयनीनं हातातला घास ठेवून तो आळ कुणासाठी घेतला, ते सारं त्याच्यावर त्या भरतीसारखं कोसळलं. त्यानं पोरीचे हात दोरावरून सोडवून आपल्या गालांवर धरले आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“दार म्या लावलं, बाय,” तो म्हणाला. “तुजा बाप गुन्हेगार हाय. आय आता नाय यायची. तिला आमी अग्नी दिला, अन् तुला दावली नाय.”

गोजरा रडली. तोंडातून शब्द नाही, पण हुंदका फुटला. वर्षभर तोही फुटला नव्हता.

तिला तशीच कडेवर घेऊन देवजी चावडीवर गेला. पितरांचं जेवून गाव तिथं टेकलं होतं. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, की दार पोरीनं उघडलं होतं, भागीरथी वयनी निर्दोष आहे, आणि आता पोरीला ठाण्याला धाडायचं असेल तर आधी त्याला बांधून न्यावं. मग तुळशीरामपुढं उभा राहिला.

“फल्या टाका, म्या बोललो. पन टाकल्या कोनी? समद्या गावानी. समद्यांची भातं वाचवाया हिची आय गेली. मग ही पोर एकल्या देवजीची कशी?”

तुळशीरामनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यालाही आठवत होतं, पहिली फळी त्याच्याच हातातली होती.

“पंचायतीच्या कामात मनाचं काम नाय, आसा मीच बोललो व्हतो,” तो हळू म्हणाला. “नसलं तर घालू. बांधाच्या डागडुजीला घरटी एक माणूस द्यायचा कायदा हाय ना आपला? तसाच हितं. मुंबईच्या डाक्टराकडं पोरीला न्यायला दर येलंला एकेक घर होडी न् माणूस देईल. वर जिल्ल्याला मी सोता सांगतो, का आमच्या पोरांसाठी आसा डाक्टर हिकडं धाडा. हासले तर हासूं दे. मीबी हासलोच व्हतो.”

देवळाच्या पडवीत देवजी आला तेव्हा भागीरथी वाती वळीत होती. त्यानं पायांवर डोकं ठेवलं. तिचे पाय भिजले, तशी तिनं त्याचा खांदा धरून उठवलं आणि लहानपणी म्हणे तसं म्हणाली, “ऊठ रे, चिखल लागंल कपालाला.” त्यानं विचारलं, एवढं सोसलंत, एकदा मला तरी सांगायचं होतंत. ती वातीकडं पाहत म्हणाली, की तुला सांगितलं असतं तर तुला दाराकडं पाहावं लागलं असतं, आणि तुझ्यात तेवढी ताकद तेव्हा नव्हती.

भागीरथी त्याच दिवशी घरी परतली. नवरात्र गेलं. नामदेव, पंढरी अशा एकेका घरच्या होड्या गोजराला घेऊन मुंबईच्या फेऱ्या करू लागल्या. डॉक्टर तिला खेळायला माती देई, म्हणत. पोर माती घेऊन नुसतं दार करी, मग मोडी. एकदा करून उघडंच ठेवलं, असं होडीवाले कौतुकानं सांगत आले.

कार्तिकी एकादशी तोंडावर आली होती. भागीरथीचा नेम संपायला थोडे दिवस उरले होते. ती पानावर बसली होती, शेजारी गोजरा, समोर देवजी. चुलीवर निखारे तडतडत होते. भागीरथीनं घास उचलला.

“काकी,” गोजरा म्हणाली.

देवजीचा हात पानात तसाच राहिला.

“काकी… आय जेवली का?”

गंजलेला, बारीक आवाज. भागीरथीनं घास खाली ठेवला. इतक्या वर्षांचा नेम तिच्या ओठांशी उभा होता. आळ घेताना तिनं हात धुतले होते, चूळ भरली होती. पण मोरीपर्यंत जायला आता कुठला वेळ होता! एवढ्यात हे पाखरू पुन्हा मुकं झालं तर…

“जेवली बाय,” ती उष्ट्या तोंडानंच म्हणाली. “तू नेलंवतंस ना पान? पोटभर जेवली.”

आणि रीतीप्रमाणे ती पानावरून उठू लागली. पोरीला नेम ठाऊक होता. तिनं लुगडं घट्ट धरलं, भाताचा घास केला आणि तिच्या तोंडाशी नेला.

“तू बी जेव.”

भागीरथीनं एकदा देव्हाऱ्याकडं पाहिलं. समई शांत तेवत होती. ती पुन्हा खाली बसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच चातुर्मासात, डोळे पुशीत, पोरीशी बोलत बोलत, पोटभर जेवली.