अलाहाबादकडचा विठोबा

जबलपूरला रेल्वेच्या जुन्या कागदांच्या खोलीत प्रणोतीने लाल फडक्यातलं दप्तर ओढलं, तर पलीकडूनही कुणीतरी तेच ओढत होतं. पलीकडे चष्मा, विस्कटलेले केस आणि भलतंच गोड हसू!

“आधी तुम्ही,” तो म्हणाला. हा अनिमेष, रेल्वेच्या प्रदर्शनाची सगळी जुळवाजुळव त्याच्याकडे होती. “मराठी समजतं मला... बोलताना जरा गाडी अडते.”

“ढकलू का?” प्रणोती बोलून गेली आणि स्वतःच लाजली.

पवनीच्या देवीदासांचा मुलगा विठोबा, म्हणजे तिचे खापरपणजोबा, पायी जबलपूरला आले आणि त्यांनी रेल्वेचे पूल बांधले, असं घरात सांगत. रविवारी प्रदर्शनात बांधणाऱ्यांच्या नावांचा फलक लागणार होता. पण कागद नाही तर नाव नाही, असा समितीचा हट्ट. बाबांनी ही गोष्ट कारखान्यात जन्मभर सांगितली आणि जन्मभर स्वतःचं हसं करून घेतलं. ते हसणं तिला एकदाचं बंद पाडायचं होतं.

मग रोज ऑफिस सुटलं की ती यायची. तो दप्तरं सोडायचा, ती नावं वाचायची. मध्येच दोघांची नजर एकाच ओळीवर यायची... आणि ती ओळ वाचायचीच राहायची.

शुक्रवारी ती रडकुंडीला आली. “मुंबईच्या रेल्वे कंपनीचं पानन्‌पान पाहिलं. नाहीच!”

“मुंबईचीच काहून?”

“मराठी माणूस दुसऱ्या कुठल्या कंपनीत असणार?”

अनिमेषने कपाळावर हात मारला. “अहो, ते पायी आले ना? म्हणजे तेव्हा इथे एकही गाडी नव्हती! मुंबईची लाइन तर नंतर आली. पहले अलाहाबादवाली आली, तीन वर्षं आधी!”

“आणि हे आता सांगून राहिले तुम्ही?”

“तुम्ही कोणतं दप्तर पाहून राहिल्या, ते मी... कुठे पाहत होतो?”

प्रणोतीचे कान तापले. तिने घाईघाईने अलाहाबादकडचं दप्तर सोडलं. चौथ्या हजेरीपटावर तिचं बोट थांबलं – ‘विठोबा वल्द देवीदास, गवंडी, राहणार पवनी.’ ती ओरडली, रडली, आणि अनिमेषचा हात तिने किती घट्ट धरलाय, हे तिला फार उशिरा कळलं. त्यानेही सांगितलं नाही.

रविवारी बाबांनी कारखान्यातले झाडून सारे दोस्त आणले. फलकावरचं विठोबाचं नाव मोठ्याने वाचलं. मन भरेना, म्हणून पुन्हा वाचलं. हसणारे आता टाळ्या वाजवत होते. आज बाबा कशालाच नाही म्हणणार नाहीत, हे प्रणोतीने बरोबर हेरलं.

“बाबा, हा अनिमेष,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “मला आवडतो.”

अनिमेष दोन पावलं मागे, फोटोवाल्याच्या आड सरकला. बाबांनी त्याला खालून वर न्याहाळलं.

“मग दूर काहून उभा आहे?” ते म्हणाले. “चलो, इकडे ये. फोटोत घरचे सगळे पाहिजेत.”