तोंडावरचा हात

ऑगस्टमधल्या त्या दुपारी एकाएकी गारा पडायला लागल्या आणि ओतिलिया मक्याच्या तॉर्तियांचं गरम गाठोडं छातीशी धरून आरोग्य केंद्राच्या पत्र्याखाली शिरली. तिथे आधीच एक तरुण उभा होता. पायाशी सुटकेस, केसांत गारांचं पाणी, आणि चेहऱ्यावर नुकत्याच बसमधून उतरलेल्या माणसाचा गोंधळ.

"हे सान हासिंतोच ना?"

"दुसरं कुठलं असणार? बस इथेच संपते," ती म्हणाली... डावा हात ओठांवर ठेवून.

"दात दुखतोय का?"

"नाही."

"मग हात कशाला? मी दातांचाच डॉक्टर आहे, फेर्मीन. वर्षभरासाठी सरकारनं तुमच्या पदरात टाकलंय मला. बघू?"

"पहिल्याच भेटीत?" ती हसली, पण हात काढला नाही. "आमच्यात नाही बाई अशी पद्धत."

तो खळखळून हसला. शहरातल्या पाण्यावर वाढलेले त्याचे दात स्वच्छ, एकसारखे होते. मेक्सिकोतल्या दुरांगोच्या या कोरड्या भागात असे दात कुणाचेच नसतात. ओतिलियाला तो तिथल्या तिथे आवडला, आणि हे आपल्यासाठी नाही हेही तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर पुढचं वर्षभर या दोन गोष्टी तिच्या उशाशी शेजारी-शेजारीच झोपल्या.

गावातल्या सगळ्यांच्याच दातांवर थोडेफार डाग होते. पण ओतिलियाचे दात पाहवत नसत... तपकिरी पट्टे, मधेमधे खड्डे. वय तेवीस, आणि हसतानाचा एकही फोटो नाही.

महिनाभरानं ती आईला घेऊन त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. ही लहानपणी काय प्यायची, असं त्यानं विचारलं, तर आईनंच (गाव तिला मानानं दोन्या सोलेदाद म्हणे) अभिमानानं उत्तर दिलं.

"माझा पहिला मुलगा जुलाबानं गेला, डॉक्टर. हिच्या वेळी मी विहिरीचं पाणी असंतसं नाही दिलं. आटून अर्धं होईस्तोवर उकळायचे, मग त्यात पावडरचं दूध."

फेर्मीनचा हात थबकला. कुठलं सत्य गिळायचं असतं हे कळायचं त्याचं वय नव्हतं. "उकळल्यानं जंतू मरतात, दोन्या सोलेदाद. पण तुमच्या विहिरीत फ्लोराइड फार आहे... पाणी आटतं, ते मात्र आत उरतं. उलट जास्तच दाट होतं. पक्के दात तेव्हाच आत तयार होत असतात, त्यांच्यात ते मुरतं." मग घाईघाईनं म्हणाला, "पण मुलगी जगली ती त्या उकळण्यामुळेच!"

एवढं पुढचं आईनं ऐकलंच नाही. घरी येऊन तिनं ते पाणी उकळायचं पातेलं अंगणातल्या निवडुंगाखाली पालथं घातलं. त्या दिवसापासून लेकीशी बोलताना ती जमिनीकडे बघायला लागली.

"डाग वरच्या थरात आहेत तेवढे हलकेच घासून निघतील," फेर्मीननं पुढच्या वेळी ओतिलियाला समजावलं. "मग सौम्य जेल. हिरड्या झाकून, मी समोर असताना. चार दिवस झिणझिण्या येतील, मग थांबतील. मोत्यांसारखे होणार नाहीत हं, आत्ताच सांगतो. आणि घाई करायची नाही. लिंबू नाही, बाजारातली बाटली नाही. वरचं कवच एकदा गेलं की परत उगवत नाही."

"बापरे, किती नियम! आणि रविवारी संध्याकाळी चौकात या म्हटलं तर?"

तो लाजला. सान हासिंतोत रविवारी चौकात कुणाबरोबर फेऱ्या मारायच्या याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

"तू माझी पेशंट आहेस तोवर मी फक्त डॉक्टर. मग ठरव तूच... खुर्ची की चौक?"

ओतिलिया खुर्चीत मागे टेकून बसली. "आधी खुर्ची. चौकात मला हात खाली सोडून फिरायचंय."

"मग शेवटचा दात झाला की त्याच रविवारी. नक्की?"

"नक्की."

वेडी पोर! त्याला दात दिसतच नव्हते. त्याला दिसत होते ते हातावरून डोकावणारे दोन मिश्कील डोळे. पण हे तिला सांगणार कोण?

सामान राजधानीतून यायचं, आणि कधी वेळेवर आलं नाही. हिवाळा गेला, मका पेरायची वेळ झाली, तेव्हा कुठे दोन दात उजळले. जुलैअखेर तो जाणार होता. ओतिलिया रविवार मोजत होती, आणि तिच्या नकळत आईही मोजत होती.

जुलैच्या मध्यावर आई चार तास बसनं शहराच्या बाजारात गेली आणि एक बाटली घेऊन आली. बिनलेबलाची.

"विकणारी म्हणाली, आठ दिवसांत दुधासारखे होतात."

"आई, डॉक्टर म्हणाले होते..."

"माझ्या हातानं काळे झाले ना गं? मग माझ्याच हातानं होऊ देत पांढरे."

कित्येक महिन्यांनी आई तिच्या डोळ्यांत बघत होती. नाही कसं म्हणणार? रोज संध्याकाळी आई बोटानं ते पाणी दातांवर चोळायची, आणि ओतिलिया डोळे मिटून घ्यायची.

नवव्या दिवशी हवा लागताच दात असे ठणकले की तिला तोंडानं श्वास घेता येईना. फेर्मीननं पाहिलं आणि हातातला आरसा खाली ठेवला. हिरड्या भाजून पांढऱ्या पडल्या होत्या. पुढचे दात खडूसारखे झाले होते, आणि ते दोन उजळलेलेही त्यातच गेले होते.

"काय लावलंस हे? कुणी दिलं?"

दारात आई उभी होती, बोटं एप्रनमध्ये गुंडाळून. एकदा तिला कळलं होतं की लेकीचे दात आपणच घालवले. तेच दुसऱ्यांदा ऐकून ती उभी राहिली नसती.

"मीच आणलं," ओतिलिया म्हणाली. "किती वाट बघायची तुमची?"

"दहा महिने मी... आणि चौक?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"मला दातच हवे होते, डॉक्टर."

त्यानं हलक्या हातानं दातांवर औषधाचा लेप लावला. त्याच आठवड्यात त्यानं दोन वर्षांसाठी पार सरहद्दीवरच्या तिहुआनातली नोकरी सही करून पत्करली.

तो निघाला तो दिवस नेमका रविवार होता. आईनं वाटेसाठी गोरदिता, सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या, बांधून आणल्या होत्या. पुरचुंडी घेताना फेर्मीनला तिची बोटं दिसली... टोकं पांढरी पडलेली, साल निघालेली. असं कशानं होतं हे त्याला शिकवलेलं होतं. त्यानं झटकन ओतिलियाकडे पाहिलं.

तिनं किंचित मान हलवली. नको.

त्यानं पुरचुंडी सुटकेसवर ठेवली. मग त्यानं आईचे ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "दोन्या सोलेदाद, या हातांनी तुम्ही एक मूल जगवलंत. आम्हा डॉक्टरांना तेवढंही जमत नाही कधीकधी."

आई तोंडाला पदरासारखा एप्रन लावून बाजूला झाली.

"मला सांगायचंस गं," तो पुटपुटला.

"तुम्ही विचारलंत तेव्हा ती दारात होती."

"मी सही करून बसलोय, ओतिलिया. दोन वर्षं... तू जर..."

"वचन नका मागू. मागचंच पाळता आलं नाही मला."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. फेर्मीन पायरीवर चढला आणि वळला. "एकदा हात काढ. डॉक्टर म्हणून नाही मागत."

तिनं हात खाली सोडला आणि हसली. सकाळचा वारा उघड्या दातांत सुयांसारखा घुसला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती हसत राहिली. मागच्या काचेला चिकटलेला त्याचा चेहरा मक्याच्या शेतांपलीकडे दिसेनासा होईपर्यंत.

मग तिनं ओठ मिटले. आई जवळ आली, तिच्या दंडाला धरून चालू लागली.

"काय म्हणाला गं शेवटी?"

"म्हणाला, होतील दात बरे."

"देव त्याचं भलं करो," आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिनं मोकळा श्वास सोडला.